दगडाचा लिलाव

आमच्या क्लासमध्ये आईबापांनी ठेवलेल्या नावाने कुणीच ओळखलं जात नसे. मी शिकवायचो फिजिक्स, म्हणून मी फिजिक्स. केमिस्ट्रीला दोघे होते, त्यांना मोठी केमिस्ट्री आणि धाकटी केमिस्ट्री म्हणत. त्यातली धाकटी वयाने मोठी होती आणि शेवटपर्यंत त्यावर नाराज होती. पोरांना गावावरून हाका मारायच्या, कारण एकेका बॅचमध्ये एकाच नावाची इतकी पोरं असत की नाव घेऊन काही उपयोग नव्हता. "ए बिलोली, फळा पूस." "मुरुड, उभा राहा." त्यामुळे ज्यांच्याविषयी सांगतोय त्यांना मी नुसतं बायो सर म्हणतो यात लपवाछपवी काही नाही. लातुरात त्यांना सगळे बायो सरच म्हणत. त्यांची आईसुद्धा फोनवर "बायो सर हायत का" असंच विचारायची, कारण दुसरं नाव घेतलं तर क्लासचा शिपाई राँग नंबर म्हणून फोन ठेवून द्यायचा.

सर उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि शर्टाचा खिसा कायम खडूने पांढरा झालेला. त्यांना वेड एकच. कशालाही नाव दिल्याशिवाय ते त्या गोष्टीशी व्यवहार करत नसत. वर्गातल्या पंख्यांना नावं, स्कूटरला नाव, गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला दोन शब्दांचं लॅटिन थाटाचं नाव. खानावळीत बसलो की ताटातल्या भाजीचं नाव कळेपर्यंत घास मोडायचे नाहीत.

"ही कोणती?"

"भाजी हाय सर."

"ते झालं आडनाव. हिचं नाव काय?"

खानावळवाला बेजार व्हायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "सर, कालची हाय." सरांनी समाधानाने मान हलवली आणि जेवायला लागले. मी ताट सरकवून दिलं. त्यांचं म्हणणं असं की शिळी आहे हे कळल्यावर ती निम्मी तरी पचते, ताजी म्हणून खाल्लेली शिळी भाजी मात्र पोटात भांडण काढते.

माझं डोकं दुखायला लागलं की त्यांच्यासमोर तोंडातून शब्द काढायची चोरी. "दुखतंय म्हंजे कसं? ठणका हाय, कळ हाय, का नुसतं जड हाय?" मी कावून म्हणायचो, "नुसतं दुखतंय हो." त्यावर ते गंभीरपणे सांगायचे, "नुसतं दुखतंय यावर औषध न्हाई, फिजिक्स." आणि मग ज्याला औषध आहे असं काहीतरी मला कबूल करावं लागे.

हे वेड कुठून आलं कुणास ठाऊक. पण त्याचा उपयोग मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. भूकंप झाला त्या वर्षी अख्खं लातूर घराबाहेर राहत होतं. दिवसाढवळ्यासुद्धा कुणी धड आत जात नव्हतं. बारीक धक्के चालूच होते, आणि एकेक धक्का आला की बायामाणसं हातातलं टाकून लेकरं उचलून पळायची. सर आमच्या गल्लीतल्या मोकळ्या जागेत बाज टाकून बसलेले असत. त्यांनी धक्क्यांना नातेवाइकांची नावं द्यायला सुरुवात केली. भांडी नुसती किणकिणली तर धाकटी मावशी. बाज हलली तर आत्याबाई. पत्रे वाजले तर व्याही. आधी लोकांना राग आला. मग लेकरं हसायला लागली, मग त्यांच्या आया. आठवड्याभरात गल्लीतल्या म्हाताऱ्या आपण होऊन विचारायला लागल्या, "काय ओ सर, आत्ता जेवताना कोण येऊन गेलं?" सर विचार करून सांगायचे, "मावशीच होती. बसली न्हाई, लगीच गेली."

पहिल्या मोठ्या धक्क्याला मात्र त्यांनी कधी नाव दिलं नाही. जिथे काहीच उरलं नव्हतं त्या गावांना ते रोज जायचे. मदतीला परदेशी माणसं आली होती. त्यांचं इंग्रजी गावकऱ्यांना आणि गावकऱ्यांचं मराठी त्यांना समजावून सांगायचं काम सरांकडे होतं. जाताना त्या लोकांनी सरांना एक पिवळा रेनकोट दिला, पाठीवर मोठा क्रॉस छापलेला. आता लातुरात पाऊस किती पडतो ते सगळ्यांना माहीत आहे. रेनकोट वर्षानुवर्षे स्कूटरच्या सीटवर टाकलेला राहिला. पुढे सरांना परदेशातून पैसा येतो अशी जी बोलवा उठली, तिला पुरावा म्हणून दाखवायला लोकांकडे तेवढा रेनकोटच होता.

सर ख्रिश्चन होते. मूळ नांदेडकडचे, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. गावाच्या मते ते फार ख्रिश्चन होते आणि चर्चच्या पाळकसाहेबांच्या मते फार कमी. कारण सर उत्क्रांती शिकवायचे, आणि तीसुद्धा रंगून जाऊन. पाळकसाहेबांनी एकदा त्यांना बाजारात गाठलं. "तुम्ही पोरांना सांगता म्हणे, माणूस माकडापासून झाला?"

"न्हाई पाळकसाहेब," सर म्हणाले, "दोघं चुलतभाऊ हाईत, एवढंच सांगतो."

पाळकसाहेबांनी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि नेमकं त्याच दिवसांत गावात कुणीतरी पसरवत होतं की सर तासाला पोरं बाटवतात. मी ते त्यांच्या कानावर घातलं. ते खडू झटकत म्हणाले, "अरे, माझ्याच्यानं त्यांना पेशीविभाजन पटवून व्हईना. धर्म काय पटवतो."

सर खऱ्या अर्थाने खुलायचे ते कापणीच्या सणाला. ते लोक चर्चला देऊळच म्हणतात. सुगी आली की ज्याच्या घरी जे पिकलं असेल ते देवळात आणून वाहायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, वांगी, अंडी, जिवंत कोंबड्या, ज्याचं शेत नाही तो घरच्या लोणच्याची बरणी. उपासना झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव. त्याला अर्धी पेठ लोटायची, त्यात ख्रिश्चन थोडेच. घेतलेली वस्तू पुष्कळ लोक तिथल्या तिथे परत देऊन टाकतात आणि ती पुन्हा लिलावाला निघते. एकच भोपळा सकाळपासून जेवणवेळेपर्यंत विकला जाताना मी पाहिला आहे, आणि शेवटी तो माझ्याच गळ्यात पडलेला आहे. लिलाव पुकारायचं काम सरांकडे. कोंबडीचं शास्त्रीय नाव, वांग्याचं कुळ, भोपळ्याचे पूर्वज असं सगळं सांगून ते बोली लावत. मंडप पेठेतल्या मंडपवाल्या चाचांचा असे. गावात कुठल्याही देवाचं काहीही असलं तरी मंडप चाचाच घालत, आणि आपण सगळ्या देवांच्या डोक्यावर छप्पर धरतो असं ते अभिमानाने सांगत.

तर त्या वर्षी, म्हणजे भूकंपाला बरीच वर्षं लोटल्यावर आणि गल्लीत घरापेक्षा क्लास जास्त झाल्यावर, सणाच्या आठवडाभर आधी सर संध्याकाळचे देवळात एकटेच भोपळे मांडत बसले होते. खिडकीतून दगड आला. दगड वांग्यांच्या टोपलीत पडला आणि काचेचा तुकडा सरांच्या भुवईवर. बाहेर येऊन पाहतात तो देवळाच्या पाटीला डांबर फासलेलं, फाटकावरचा क्रॉस उपटून नाल्यात टाकलेला, आणि कोंबड्यांचं खुराडं उघडं. कोंबड्या थेट आमच्या कोचिंगच्या गल्लीत शिरल्या. ऐन बॅच सुटायची वेळ. एवढ्या पोरांच्या पायांत त्या कोंबड्या, पोरींच्या किंकाळ्या, आणि मॅथ्स सर दुचाकीवर उभे राहून "काटकोनात वळवा, काटकोनात" म्हणून ओरडतायत. कसंबसं सगळं लटांबर गोळा झालं. एक कोंबडा मात्र मिळाला नाही.

मी सरांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर टाके घालता घालता म्हणाले, "काय झालं हो सर?"

"तेच ठरवायचंय," सर म्हणाले.

कोंबडा कुठे गेला ते मला दुसऱ्या दिवशी पहाटेच कळलं. तो गल्लीतल्या एका खोलीत आरवला. त्या खोलीत आमच्याच बॅचची दोन पोरं राहायची, त्यातला पुढारी मुदखेडचा. डांबर फासून, दगड मारून झाल्यावर पोरांनी कोंबडा खायला म्हणून नेला होता. पण शिजवणार कुठे याचा विचार केला नव्हता. खोली ज्यांची, त्या काकू कांदालसूणसुद्धा घरात येऊ देत नसत. गल्लीतल्या खानावळी सगळ्या शाकाहारी, कारण आईबाप तेच विचारून पोरं ठेवत. सोडून द्यावा तर गल्ली ओळखणार. म्हणून पोरं त्याला पलंगाखाली ठेवून मेसचा भात चारून राहिली होती, आणि तो रोज पहाटे उपकार फेडल्यासारखा आरवायचा. दोनचार दिवसांत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. पोरं लवकर उठायला लागली. आमच्या क्लासच्या संचालकांना वाटलं आपल्या भाषणाचा परिणाम. काकूंना वाटलं पोरांनी नव्या तऱ्हेचं गजराचं घड्याळ आणलंय, आणि त्या शेजारणींना कौतुकाने सांगत होत्या.

मग शांतता कमिटी बसली. पोलिस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. फौजदारसाहेब, आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, पाळकसाहेब, संचालक, चाचा, आणि मोठ्या शहरातून मुद्दाम आलेले एक ख्रिश्चन वकील. मी कमिटीत नव्हतो. सरांच्या एका डोळ्यावर पट्टी होती म्हणून स्कूटर चालवायला गेलो होतो, आणि चहा मिळाला म्हणून बसलो.

फौजदारांनी विचारलं, "बोला सर, काय लिहायचं?"

"जे झालं त्याचं नाव लिहा."

"चोरी लिहितो. कोंबडा गेलाय."

"साहेब, चोर पाटीला डांबर फासून कोंबडा नेत न्हाई. तेवढ्या वेळात तो दुसरा कोंबडा नेईल."

नगरसेवक खाकरले. "सर, आपल्या शहरात द्वेष नाही. असता तर माझ्या कानावर आला असता. दर नाताळाला मी तुमच्याकडं केक खातो का नाही?"

"खाता. मागून घेऊन बी खाता. पण त्यानं काच जोडली जात न्हाई."

मग वकीलसाहेबांनी घसा साफ करून एक इंग्रजी शब्द टाकला. ख्रिस्तोफोबिया. सगळ्यांवर छाप पडली. फौजदारांनी हे कोणत्या कलमात येतं असं विचारलं. सरांना मात्र तो पटला नाही. "फोबिया म्हंजे भीती. मला पालीची भीती हाय. पाल दिसली की मी टेबलावर चढतो, हे हा फिजिक्स सांगंल. मी पालीच्या घरावर दगड मारत न्हाई. भिणारा पळतो, वकीलसाहेब. त्या दिवशी पळाल्या त्या आमच्या कोंबड्या."

वकीलसाहेब मोकळे माणूस होते, रागावले नाहीत. ते म्हणाले, "यावर बाहेर सगळीकडे वाद चालू आहे. कुणी भीती म्हणतं, कुणी द्वेष म्हणतं, कुणी म्हणतं एकेका धर्माला वेगळं नाव कशाला, सगळ्यांचं मिळून एकच ठेवा."

"वेगळं निघणार आसंल तर आमच्यासाठी बी एक बघून ठेवा वकीलसाब," चाचा म्हणाले. "लागतंय कधीमधी."

झालं. नगरसेवक म्हणाले, मग आमच्या धर्माला कुणी काही बोललं तर त्याचं काय, आम्हालाही पाहिजे. संचालकांनी कोचिंगवाल्यांना पेपरात रोज शिव्या पडतात त्याला नाव मागितलं. दोन हवालदार उभे होते, त्यांचीही काही तक्रार असावी, पण ते साहेबांपुढे बोलले नाहीत. पुन्हा चहा आला. शेवटी चाचाच कंटाळले. "नाव काय बी ठेवा सर, मला मंडपाचे खड्डे कधी खांदायचे तेवढं सांगून टाका."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, "ही प्रभूकडून परीक्षा आहे असं समजावं. नाव देऊन वाढवू नये. आपल्याला इथंच राहायचंय, सर." त्यांनी खुर्चीचे दांडे गच्च धरले होते. त्या माणसाची मला नेहमी गंमत वाटायची, पण त्या दिवशी वाटली नाही.

"परीक्षा तर परीक्षा," सर म्हणाले. "पण पेपर कोणत्या विषयाचा हाय ते तरी कळू द्या."

फौजदार पुढे वाकले. माणूस वाईट नव्हता. "असं करू. कोंबडा कुणाच्या खोलीत वरडतोय ते अख्खी गल्ली ऐकून राहिली. तुम्ही पोरांची नावं द्या. नावं दिली की तुम्ही म्हणाल तो शब्द लिहितो. पण कुणी केलं ते न सांगता एवढा मोठा शब्द कसा लिहू मी?"

संचालकांच्या हातातला कप हिंदकळला. "साहेब, बारावीची पोरं हाईत ती. मेडिकलला जाणारी."

सरांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "पोरांची नावं न्हाई देत. मार्चमधी पेपर हाय त्यांचा."

"मग मी लिहितो अज्ञात इसमांचा खोडसाळपणा."

तसंच लिहिलं गेलं. येताना मी स्कूटर चालवत होतो आणि सर मागे त्या पिवळ्या रेनकोटावर बसले होते. रेल्वेफाटकापाशी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "नांदेडच्या क्लासवाल्यांनी बोलावलंय मला. सणापर्यंत या गावात एकानं तरी काय झालं ते तोंडानं सांगितलं तर राहीन. न्हाईतर चाललो."

"अहो, मी सांगतो की."

"तू दोस्त हायस. तुझं धरत न्हाईत."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. त्या क्लासमध्ये माझ्याशी मार्कांशिवाय दुसरं काही बोलणारा तो एकच माणूस होता. सगळ्या गावाला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, आणि ज्या एका वाक्याने ते राहिले असते तेवढंच कुणी बोलत नव्हतं. मी मग गाडीला इतक्या जोरात किक मारली की पाय मुरगळला, आणि सरांनी त्या मुरगळण्याचं नाव विचारलं.

सणाच्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. लोकांना फुटलेली खिडकी बघायची होती. नगरसेवक पहिल्या रांगेत, फौजदारसाहेब साध्या कपड्यांत बायकोमुलांसह अंडी घ्यायला आलेले, संचालक पोरांवर नजर ठेवायला. सरांनी भोपळे विकले, कणसं विकली, लोणची विकली. रंगात येत नव्हते, पण उरकत होते. मग त्यांनी वांग्यांच्या टोपलीत हात घालून तो दगड काढला आणि टेबलावर ठेवला.

"आता ही वस्तू. हिची बोली पैशात न्हाई. हा दगड कामून आला ते सांगायचं. सगळ्यात खरं सांगंल त्याची वस्तू."

लोक हसले. आधी त्यांना ही नेहमीची गंमत वाटली. नगरसेवकांनी लगेच संधी साधली. "गैरसमज."

"गैरसमज आला," सर पुकारले. "गैरसमजाच्या वर कोण?"

"खोडसाळपणा," फौजदार जागेवरूनच म्हणाले.

"खोडसाळपणा. बोली जुनी हाय पण घेतो. खोडसाळपणाच्या वर कोण हाय?"

मागून कुणीतरी "वारा" म्हणालं. संचालकांनी "धंद्यातली स्पर्धा" लावली आणि दुसऱ्या एका क्लासच्या मालकाकडे पाहिलं. वकीलसाहेब आले होते, त्यांनी आपला इंग्रजी शब्द पुन्हा लावला, पण मनापासून नाही. मी उठून म्हणालो, "द्वेष."

"दोस्ताची बोली धरत न्हाईत," सर म्हणाले, आणि सगळं अंगण हसलं. मला हसू आलं नाही. बोली चढायची थांबली होती. लोक चपला शोधायला लागले होते. सरांनी दगडावर हात ठेवला. "खोडसाळपणा एक वार," ते म्हणाले. "खोडसाळपणा दोन वार."

तेवढ्यात फाटकातून काकू आल्या. पुढे मुदखेड, त्याच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेला कोंबडा, आणि मागून हातात झाडू घेतलेल्या काकू. सुट्टीच्या दिवशी तरी पोरांची खोली झाडावी म्हणून त्या पलंगाखाली वाकल्या होत्या.

"घ्या तुमचं घड्याळ," त्या सरांना म्हणाल्या. "मेल्यांनी माझ्या घरात पाळलं. आता अंगण, खोली, न्हाणी सगळं धुवून काढावं लागंल मला."

हशा असा झाला की मंडपाचं कापड हललं. मुदखेडला बघून फौजदार खुर्चीतून उठले. सरांनी हाताने त्यांना खाली बसवलं. "साहेब, हा लिलाव हाय. चौकशी न्हाई." मग ते मुदखेडकडे वळले. "टायमावर आलास. बोली चालू हाय. हा दगड कामून आला?"

मुदखेड सरांच्या भुवईवरच्या टाक्यांकडे बघत होता. संचालक त्याला मानेने नको नको म्हणत होते. पोरगं हुशार होतं, आणि तोंडी परीक्षेत अडकलं की खरं बोलायची त्याला खोड होती.

"सर, तुम्ही आत होता ते म्हाईत नव्हतं."

"हं."

"आईची शप्पत सर, म्हाईत असतं तर फेकला नसता. तुम्ही तर आपलेच की."

अंगणात बरं वाटल्याची कुजबुज झाली. नगरसेवकांचा चेहरा फुलला. "बघा," ते म्हणाले, "मी म्हणलो का नाही? गैरसमजच." दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"थांबा," सर म्हणाले. ते मुदखेडच्या आणखी जवळ गेले आणि वर्गात विचारतात तितक्याच सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "मग आत कोण हाय असं वाटलं तुला?"

मुदखेडने खरोखर आठवून पाहिलं. ते मला दिसत होतं.

"कुणीच न्हाई सर," तो म्हणाला. "ख्रिश्चन."

कुणी हसलं नाही. काकूंनी झाडू खाली ठेवला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांची बायको पदराने तोंड दाबून रडायला लागली. मुदखेडलाही आपण काय बोललो ते मग कळलं असावं, कारण त्याची मान खाली गेली ती वर येईना.

"बरोबर," सर म्हणाले. पोराचं उत्तर आलं की म्हणतात तसं, पण आवाज अगदी बारीक. मग ते टेबलापाशी गेले आणि गर्दीकडे बघून पुकारले, "एक वार. ह्याच्या वर कोण हाय?" कुणी नव्हतं. नगरसेवक आपल्या अंगठीकडे बघत होते. "दोन वार." तिसऱ्यांदा सरांनी तोंड उघडलं पण शब्द बाहेर येईना.

"तीन बार," खांबाला टेकून उभे असलेले चाचा म्हणाले.

सरांनी दगड उचलून मुदखेडपुढे धरला. त्याच्या हातात कोंबडा होता, म्हणून कोंबडा मी घेतला. त्याने दगड दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "सर, आता काय करू मी?"

"घरी ने. तुझाच हाय." सरांनी रुमालाने तोंड पुसलं, भुवईचे टाके चुकवून. "अन् उद्या टायमावर ये. मज्जासंस्था घेणार हाय मी, ती तुझी लई कच्ची हाय."

सर नांदेडला जाणार नाहीत हे मला तेव्हा कळलं, आणि कोंबडा मांडीवर घेऊन मी तिथेच सगळ्यांच्या देखत रडलो.